बारा जणांचा शब्द

महाडच्या आमच्या महाविद्यालयात 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवायला घेतले की पोलादपूरकडून एस.टी.ने येणारी मुले पहिल्या अंकात हसतात आणि तिसऱ्या अंकात गप्प होतात. यंदा ती गप्प झाली नाहीत. बदलापूरच्या 2024 मधील प्रकरणाचा विषय निघाला. तेथील आरोपी खटला उभा राहण्याआधीच पोलिसांच्या गोळीने मेला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले, हे सर्वांना ठाऊक होते. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बलात्काराच्या खटल्यात न्यायाधीशाऐवजी गावातली बारा माणसे बसवली तर? निकालावर लोकांचा विश्वास तरी बसेल." इंग्रजी चित्रपटांतली ज्यूरी त्याने पाहिली होती. मागच्या बाकावरून कोणीतरी 'चौरंग' एवढेच म्हणाले. रायगड किल्ला ज्या तालुक्यात आहे, तिथे हा शब्द यायला फार वेळ लागत नाही.

मुलाचा प्रश्न भाबडा नव्हता. लोकांना न्यायालय परके वाटते, ही गोष्ट खरीच आहे. परंतु बारा आपली माणसे म्हणजे काय, हे महाड-पोलादपूरच्या मुलांना चित्रपटातून शिकण्याची गरज नाही. गावकी त्यांनी घरातच पाहिली आहे. वाळीत टाकल्याच्या तक्रारी रायगड जिल्ह्यातून सातत्याने येत राहिल्या. 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, त्यामागे अशाच तक्रारी होत्या. आणखी मागे गेले तर चवदार तळे आहे. 1927 साली महाडमधील बारा प्रतिष्ठित गृहस्थांची ज्यूरी बसवून तळे कोणाचे, असे विचारले असते तर उत्तर काय आले असते? ज्यांनी सत्याग्रहानंतर तळ्याची 'शुद्धी' केली, त्यांच्यातूनच ती ज्यूरी निवडली गेली असती. निर्णय यायला 1937 साल उजाडले, पण उच्च न्यायालयाने तो पुराव्याची छाननी करून, कारणे देऊन दिला.

आपल्याकडे ज्यूरी होती, हे मुलांना नानावटी खटल्यामुळे ऐकून माहीत असते. 1959 साली मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटले नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि आरोपी दोषी ठरला. (ज्यूरीची पद्धत त्याच खटल्याने संपली, ही समजूत मात्र चुकीची आहे. विधी आयोगाने 1958 सालीच ती बंद करण्याची शिफारस केली होती आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला निरोप दिला.) माझ्या दृष्टीने त्यात महत्त्वाचे एवढेच, की त्या आठ जणांनी का, हे सांगितले नाही. सांगण्याची त्यांच्यावर सक्तीच नव्हती. ज्यूरी एक शब्द उच्चारते आणि उठून जाते. ब्रिटनमध्ये तर बंद दाराआड काय बोलणे झाले, हे ज्यूरीतल्या माणसाला विचारणेही गुन्हा आहे. स्कॉटलंडने बलात्काराचे खटले ज्यूरीशिवाय चालवून पाहण्याचा विचार केला, वकिलांनी कडाडून विरोध केला आणि 2024 साली तो विचार सोडून द्यावा लागला.

आता मथुरा खटला घ्या. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने 1974 साली दोन्ही पोलिसांना सोडले. मुलगी खोटे बोलते, तिला शरीरसंबंधांची सवय होती आणि आपल्या माणसांपुढे अब्रू राखण्यासाठी तिने बलात्काराची कथा रचली, असे न्यायाधीशांचे म्हणणे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते फिरवले. भीतीने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली पुन्हा निर्दोष ठरवले, कारण अंगावर जखमा नव्हत्या.

एक न्यायाधीश ज्यूरीइतकाच पूर्वग्रहदूषित असू शकतो, हे यावरून स्पष्ट होते. मी ते नाकारत नाही. पण त्याचा पूर्वग्रह कागदावर उतरतो. 1979 च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र मी वर्गात समीक्षेचा नमुना म्हणून वापरतो. त्यांनी नवा साक्षीदार आणला नाही, निकालपत्र वाचले. 'संमती' आणि 'शरणागती' या दोन शब्दांमधली दरी दाखवली. मुलीला रात्री चौकीत थांबवून घेण्याबद्दल निकालात निषेधाचा एक शब्दही नाही, ही गाळलेली जागा दाखवली. आपण कवितेच्या तासाला हेच करतो ना? पुढे चळवळ उभी राहिली. 1983 साली कायदा बदलला आणि कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, संबंध सिद्ध झाल्यावर, संमती नव्हती हे स्त्रीचे म्हणणे खरे मानण्याचे गृहीतक आले. नव्या साक्ष अधिनियमातही ते टिकून आहे. चंद्रपूरला ज्यूरीने नुसते 'निर्दोष' म्हटले असते तर या चौघांनी काय वाचले असते?

तेंडुलकरांच्या नाटकातही एकमेकांना ओळखणारीच माणसे न्यायाला बसतात. सामंत हातातल्या कादंबरीतली वाक्ये साक्ष म्हणून देतो, न्यायाधीश झालेले काशीकर खुर्ची सोडून स्वतःच साक्षीदार होतात. बेणारे बोलते तेव्हा सारे गोठून उभे असतात. तिचे बोलणे प्रेक्षक ऐकतात, ते कोर्ट ऐकत नाही. लोकांचा विश्वास असलेले न्यायालय ते हेच.

'चौरंग' म्हणणाऱ्या मुलाला मी 1646 च्या पत्राची आठवण दिली. रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले, एवढेच आपण लक्षात ठेवतो. त्याला समोर आणून चौकशी केली आणि पत्रात ते नोंदवून ठेवले, हा भाग विसरतो.

माझी खरी अडचण निराळी आहे. माणगावच्या किंवा अलिबागच्या न्यायालयात निकाल लागतो, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात: 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'. गावात त्याचा अर्थ 'पोरगी खोटारडी' असा होतो. निकालपत्र कोणी मागवत नाही, आणि मागवले तरी त्यातली भाषा गावात कोण वाचणार? कारणे लिहिली आहेत, पण ज्यांच्यासाठी लिहिली ते त्यांच्यापासून ज्यूरीच्या बंद खोलीइतकेच दूर आहेत.

पुढच्या तासाला मथुरा निकालाचा मी केलेला मराठी सारांश वाटला. पोलादपूरची एक मुलगी, एरवी वर्गात न बोलणारी, तो दोनदा वाचून म्हणाली, "सर, यात तिचे स्वतःचे वाक्य कुठे आहे?" मी पाने चाळली. सारांश माझा होता, आणि मीही ते घातले नव्हते.