घंटा गप्प करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे



ज्या डच खलाशांनी १५९८ साली आमच्या बेटाला मॉरिशस हे नाव दिले, त्यांच्या देशात गेल्या वर्षअखेरच्या सुट्टीत आमचे जाणे झाले. आमची मावशी तेथे आम्स्टेल नदीकाठी उइटहॉर्न गावी राहते. काका वारल्यापासून ती एकटीच आहे. चोर शिरला तर वाजणारी विजेची घंटा काकांनी फार पूर्वी घरात बसवून घेतली होती. हल्ली वारा सुटला की ती मध्यरात्री ठणाणा करी. पहिल्या रात्री शेजारी धावून आले, दुसऱ्या रात्री त्यांनी खिडकीतून पाहिले, पुढे कोणी दिवाही लावला नाही.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली आहे. पण त्या गोष्टीतला मुलगा खोटे बोलत होता. ही घंटा खोटे बोलत नव्हती. तिची तार सैल झाली होती.

अशा जुन्या यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे. दाराला एक लोहचुंबक असतो आणि चौकटीत काचेच्या नळीत दोन बारीक पट्ट्या. दार बंद असेपर्यंत चुंबक पट्ट्या जुळवून ठेवतो आणि तारेतून थोडासा प्रवाह अखंड वाहतो. दार उघडले की पट्ट्या सुटतात, प्रवाह तुटतो आणि घंटा वाजते. चोराने तार कापली तरी हेच घडते. मात्र प्रवाह चोरामुळे तुटला की सैल स्क्रूमुळे, हे यंत्राला कळत नाही.

आम्ही काही वीजतज्ज्ञ नव्हे. आधी घरातील वीज बंद केली, मग पेटीतल्या बॅटरीची तार काढली, कारण बॅटरी जोडलेली असेपर्यंत यंत्र जागेच असते. २३० व्होल्टच्या बाजूला आम्ही हात लावला नाही. ते काम वीजकाम करणाऱ्याचेच. मग मीटर लावून मावशीला पुढच्या दाराची तार हळूच हलवायला सांगितली. काटा थरथरला तेथेच दोष होता. काळवंडलेले टोक कापले, नवे तांबे उघडे केले, स्क्रूखाली घट्ट बसवले. अर्ध्या तासाचे काम.

पण मागच्या दाराकडे वळलो आणि अंगावर काटा आला. कोणा कारागिराने पूर्वी त्या दाराची कटकट मिटवण्यासाठी पेटीतच दोन्ही टोके एकमेकांना जोडून टाकली होती. दाराकडे जाणारी तार नुसतीच लोंबत होती. दार सताड उघडे ठेवले तरी पेटीवरचा हिरवा दिवा ‘सर्व ठीक’ म्हणत होता! त्या दिव्याच्या भरवशावर मावशी रोज झोपत होती.

शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांला सांगितले होते की मूल पुनःपुन्हा चुकते तेव्हा त्याला गप्प बसवू नका, चूक कोठून येते ते शोधा. गप्प केलेला वर्ग शिकलेला वर्ग नसतो. घंटेचेही तेच. वाजणाऱ्या घंटेचा त्रास होतो खरा, पण मुकी केलेली घंटा फसवते.

१९९४ च्या फेब्रुवारीत ‘हॉलंडा’ नावाचे चक्रीवादळ आमच्या बेटावर आदळले, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. वादळाचा इशारा मिळूनही कधी वादळ बाजूने निघून जाते आणि लोक कुरकुरतात, शाळा उगाच बंद ठेवली म्हणून. पण त्यासाठी रेडिओ फेकून द्यावा असे कोणी म्हणत नाही.

दोन्ही दारे उघडून-मिटून पाहिली. घंटा नेमकी वाजली. तरी काम पुरे झाले नव्हते. घंटा सुधारली, पण ऐकणाऱ्यांचा विश्वास कोण सुधारणार? म्हणून मावशीला घेऊन आम्ही शेजारच्या आजींकडे गेलो, झाल्या त्रासाची क्षमा मागितली आणि दुरुस्ती सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “सकाळी नऊपर्यंत तुमचा पडदा सरकला नाही तर मी दार वाजवीन.”

आमच्या लहानपणी गावात कोणाकडे घंटा नव्हती. सकाळी एखाद्या म्हातारीच्या चुलीचा धूर दिसला नाही की शेजारीण विचारायला जाई. तेही अखंड वाहणाऱ्या प्रवाहासारखेच होते. तुटला की कळत असे.

वाचकहो, आपल्यांपैकी अनेकांचे आईवडील आज अशाच एकट्या घरांत राहतात, कोणी बेटावर, कोणी परदेशी. पुढच्या भेटीला मिठाईबरोबर एक स्क्रूड्रायव्हरही न्या. हिरव्या दिव्यावर विसंबू नका. प्रत्येक दार स्वतः उघडून पाहा. आणि निघण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या दाराशी दोन शब्द बोलून या.