सही राष्ट्राध्यक्षाची, शिक्का बँक मॅनेजरचा

'नियम सगळ्यांना सारखा आहे, मग भेदभाव कुठे?' आपल्या पिढीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न रोज कुणीतरी टाकतं आणि वाद जिंकल्याच्या थाटात निघून जातं. अशा मित्रांनी दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका एकदा नीट वाचावी. तिथे कागदावर सारखा असलेला नियम वापरूनच एका अख्ख्या समाजाला स्वतःच्या घरापासून लांब ठेवलं गेलं.

२२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'जीआय बिला'वर सही केली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकाला कॉलेजचा खर्च, बेकारीच्या काळात भत्ता आणि घर, शेती, धंद्याच्या कर्जाला सरकारी हमी मिळणार होती. कायद्यात गोरा-काळा हा भेद नव्हता. लाखो कुटुंबं या एका कायद्याच्या जोरावर मध्यमवर्गात आली.

पण सरकार फक्त हमी देत होतं. कर्ज द्यायचं की नाही, हे गावातली बँक ठरवायची. ही रचना आपोआप झालेली नव्हती. मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन प्रतिनिधीगृहातल्या संबंधित समितीचे अध्यक्ष होते. ते उघड वर्णद्वेषी होते आणि अंमलबजावणी स्थानिक लोकांच्याच हातात राहावी यासाठी त्यांनी पूर्ण जोर लावला. परिणाम काय झाला? १९४७ साली मिसिसिपीतल्या शहरांची पाहणी झाली, तेव्हा अशा ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या वाट्याला आली होती फक्त २. आणि या राज्याची जवळपास निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती!

'हा तर मागास दक्षिणेचा दोष, राष्ट्राध्यक्ष काय करणार?' असं म्हणाल, तर न्यूयॉर्कजवळ या. १९४७ पासून तिथे लेव्हिटाउन उभं राहिलं, १७ हजारांहून अधिक घरांचं. त्यामागे सरकारी गृहकर्ज विम्याचं बळ होतं. सुरुवातीच्या करारात अट होती की घरात गोऱ्यांशिवाय कुणी राहू नये, नोकर म्हणून ठेवलेले चालतील. म्हणजे त्याच युद्धात लढलेला कृष्णवर्णीय सैनिक तिथे भांडी घासू शकत होता, घर घेऊ शकत नव्हता. गृहकर्जाचा विमा देणारं खातं थेट राष्ट्राध्यक्षांच्या प्रशासनात होतं. ट्रुमन यांनी १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला, पण घरांच्या बाबतीत तसा आदेश त्यांनीही काढला नाही आणि आयझेनहॉवर यांनीही नाही.

केनेडींनी १९६० च्या प्रचारात सांगितलं, की हे काम लेखणीच्या एका फटकाऱ्याने होईल. निवडून आल्यावर ते इतके थांबले, की लोकांनी व्हाइट हाउसला पेनं पाठवायला सुरुवात केली. अखेर नोव्हेंबर १९६२ मध्ये आदेश निघाला, तोही मुख्यतः पुढे बांधल्या जाणाऱ्या सरकारी मदतीच्या घरांपुरता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ ला, जॉन्सन यांनी गृहनिर्माणातल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यावर सही केली. पण त्यात केंद्रीय खात्याला समेट घडवण्यापलीकडे फारसे अधिकारच नव्हते. दात आले १९८८ च्या दुरुस्तीने, वीस वर्षांनी.

आता याच जॉन्सन यांचं दुसरं काम पाहा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात तरतूद होती, की भेदभाव करणाऱ्याला केंद्राचा पैसा मिळणार नाही. १ जुलै १९६६ ला वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना सुरू होणार होती. रुग्णालयांना सांगितलं गेलं: वॉर्ड वेगळे ठेवाल तर एक डॉलर मिळणार नाही. नुसतं सांगून थांबले नाहीत, तपासनीस पाठवले. त्यांनी वॉर्डात फिरून कोणत्या खाटेवर कोण आहे ते पाहिलं. काही महिन्यांत सुमारे हजार रुग्णालयांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा वर्णभेद सोडला. डॉक्टरांचे खासगी दवाखाने मात्र या अटीतून वगळले होते आणि तिथे बदल रेंगाळला. जिथे तपासणी आणि पैसा पोचला, तिथेच फरक पडला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोड बरोबर आहे की नाही, हे तो लिहिणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही. एकच इनपुट दिल्यावर दोन माणसांना वेगवेगळं आउटपुट मिळत असेल, तर बग आहे, आणि तो शोधायला लॉग लागतात. ३,२२९ पैकी २ हा तसा लॉग होता. तो नसता तर 'कायदा सारखाच आहे' हे वाक्य खोडून काढायला कुणाकडे काहीच नसतं.

म्हणून दोस्तांनो, भल्या नेत्याची वाट बघणं आणि घोषणेवर टाळ्या वाजवणं सोडा. कोणत्याही योजनेला तीन प्रश्न विचारा: शेवटचा शिक्का कुणाच्या हातात आहे? कुणाला किती मिळालं याची मोजदाद होते का? आणि भेदभाव केला तर कुणाचा पैसा थांबतो? २००६ च्या सच्चर अहवालाने आपल्याला मोजदाद दिली, बँकांच्या कर्जासकट. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागणं आपल्या हातात आहे, आणि तो आपला हक आहे.