पुरुषाचा केसपेपर कोठे आहे?

मूल होत नाही म्हणून एखादे जोडपे दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा औषधे, इंजेक्शने आणि टोमणे सारे स्त्रीच्या वाट्याला येतात. वास्तविक अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दोषाचा काही ना काही भाग पुरुषाकडे असतो. परंतु मराठीत स्त्रीसाठी ‘वांझोटी’ ही शिवी आहे; पुरुष ‘निपुत्रिक’ म्हणून सहानुभूतीस पात्र ठरतो. या सरंजामी वृत्तीची किंमत स्त्री भोगतेच; कधी कधी ती पुरुषालाही प्राणांनिशी मोजावी लागते.

डेन्मार्कमध्ये १९६३ ते १९९५ या काळात वीर्यतपासणी झालेल्या ३२,४४२ पुरुषांच्या नोंदी कर्करोगाच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या १.६ पट आढळले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील पाहणीत, ज्या पुरुषांमध्येच दोष होता त्यांच्यात ते सुमारे २.८ पट होते.

आपल्या देशात हा रोग विरळ आहे. वर्षाकाठी लाखात एकालाही तो होत नाही. तेव्हा सरसकट तपासणीची मोहीम काढणे व्यर्थच. पण ज्याचे शुक्रजंतू कमी आहेत, ज्याचे वृषण बालपणी खाली उतरले नव्हते, त्याला डॉक्टरने हाताने तपासावे आणि गाठ लागल्यास सोनोग्राफी करावी, यास कितीसा वेळ लागतो?

तेवढाही वेळ बाजाराला परवडत नाही. एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडविण्याची रीत १९९२ साली ब्रुसेल्सच्या संशोधकांनी जगापुढे मांडली. विज्ञानाची ही थोर कामगिरी आहे. आपले भांडण तिच्याशी नव्हे. परंतु नफ्यावर चालणाऱ्या केंद्राच्या लेखी पुरुष म्हणजे नमुन्याची बाटली. तीत चार शुक्रजंतू सापडले की काम भागते. ते इतके कमी का, हे विचारण्यात पैसा नाही.

आणि रोग तर बरा होणारा! वेळीच सापडल्यास शंभरातील नव्वदाहून अधिक रुग्ण वाचतात. सिस्प्लाटिन हे त्यावरील प्रमुख औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून तरुण कामगार ती अंगावर काढतो. दुखली तरी लाजेपोटी बोलत नाही.

जिल्हा रुग्णालयांत आणि राज्य कामगार विमा योजनेच्या रुग्णालयांत वंध्यत्वासाठी स्त्रीचा केसपेपर ज्या दिवशी निघेल, त्याच दिवशी पतीचाही निघाला पाहिजे, आणि त्यावर वृषणांच्या तपासणीची लेखी नोंद झाली पाहिजे. कामगार संघटनांनी ही मागणी आपल्या मागणीपत्रकांत घालावी. महिला संघटना ती उचलून धरतील यात शंका नाही.