समजून घ्या : स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेला मराठी कशी मदत करते?

सीबीएसईच्या दहावीत स्पॅनिश हा पर्यायी विषय आहे. स्पॅनिशच्या 'देले' प्रमाणपत्रासाठी तोंडी परीक्षा द्यावीच लागते. रेडीसारख्या गावात या भाषेची शिकवणी मिळणं कठीण, हाताशी असतो तो मोबाइल. त्यावरचे बहुतेक धडे इंग्रजीतून. अडचण तिथूनच सुरू होते.

मराठीचा फायदा काय?
'आय लाइक'वरून स्पॅनिश वाक्य जुळवताना मुलं अडखळतात. मराठीत मात्र 'मला समुद्र आवडतो', तसंच स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मार'. 'मे' म्हणजे मला. रचना तीच. 'आब्लो' म्हटलं की 'मी बोलते' हे कळतं, 'मी' वेगळा सांगावा लागत नाही. त आणि द हे उच्चारही मराठीसारखेच.

सराव कसा करावा?
ओळख, घर, गाव, आवडीनिवडी यांपासून सुरुवात करावी. 'बिबो एन रेडी' म्हणजे मी रेडीत राहते. 'आय उना प्लाया' म्हणजे इथे समुद्रकिनारा आहे. पुढे यशवंतगड, द्विभुज गणपती यांवर दोन-दोन वाक्यं. पाठ केलेला निबंध पहिल्याच उपप्रश्नाला कोलमडतो. म्हणून घरच्यांनी मराठीत प्रश्न विचारावा, उत्तर स्पॅनिशमध्ये द्यावं आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐकावं. प्रश्न कळला नाही तर गप्प न बसता 'पुएदे रेपेतीर?' म्हणावं, म्हणजे 'पुन्हा सांगता का?'

शाळांनी काय करावं?
सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पाहुण्यांशी बोलणारी मुलं इथेच घडवायची तर परदेशी भाषा मराठीतून शिकवायला हवी. इंग्रजी कच्चं म्हणून स्पॅनिशचं दार बंद, हे बरोबर नाही.