स्वभावाले औषध नसते


कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या म्हणून लिहितो. २०१७ चा हंगाम आठवा. आपल्या वर्ध्याच्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तेव्हापासून मास्क, हातमोजे, चष्मा सगळ्यायले तोंडपाठ आहे. मंग किट कोठ्यात खुंटीवर कावून टांगली राहते?

माझ्या मते कारण स्वभावात आहे.

एक असतो धीट. "तीस वर्षं फवारतो, मले काही झालं नाही." किट घालायचं याच्या मनातच येत नाही. मी यातलाच. एका भादव्यात वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारलं, पंपही पाठीवर गळत होता. संध्याकाळी मळमळ, घाम, डोळ्यासमोर अंधुक. तरी घरी म्हटलं, ऊन लागलं. बायकोनं ओळखलं. कपडे काढायला लावले, साबणानं अंग धुतलं अन् औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात नेलं. म्हणून वाचलो.

दुसरा उतावळा. घालायचं याच्या मनात असते, पण आभाळ आलं की म्हणतो, "आजचा दिवस जाऊ दे."

तिसरा भिडस्त, बहुतेक रोजानं फवारणारा मजूर. याले घालायचं असते, पण मालकाले मोजे मागायची लाज वाटते.

आपण तिघांयलेही एकच भाषण देतो. कृषी सहायक भाऊंनो, तुम्हीही. धीटाले आकडे सांगून उपयोग नाही, त्याच्या घरच्यांले सभेत बोलवा. उतावळ्याची किट पंपालेच बांधून ठेवा. पंप उचलला की हातात आली पाहिजे. अन् भिडस्ताले मालकानं न मागता द्यावी. औषधाले पैसे आहेत अन् मोज्याले नाहीत, हे मले पटत नाही.

उन्हात मास्कनं जीव घुसमटते, हे खरं आहे. म्हणून फवारणी सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर करा, वारा पाठीशी घेऊन.

स्वभावाले औषध नाही म्हणतात. असू द्या. माणूस बदलत नसंन, पण किटची जागा तर बदलते ना? माह्या घरी ती आता खुंटीवर नाही, पंपाले बांधली आहे.

तुम्ही या तिघांतले कोणते?