कोळंबीची बाजू

घरातल्या पन्नाशीच्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट आला आणि कोलेस्टेरॉलचा आकडा वर गेलेला दिसला, की पहिली गदा येते ती कोळंबीवर. बांगडा चालतो, पापलेट चालतं, चिकन तर चालतंच. कोळंबी मात्र बंद. त्याच घरात संध्याकाळच्या चहाबरोबर खारी येत राहते, रविवारी वडे तळले जातात, आणि त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. हा अन्याय आहे. थोड्या तेलात, मोठ्या आचेवर, भरपूर भाजी घालून झटपट परतलेली कोळंबी हे आपल्या स्वयंपाकघरात होऊ शकणाऱ्या सगळ्यात निरोगी जेवणांपैकी एक आहे, असं माझं ठाम मत आहे. तिच्यावर ठेवले जाणारे बहुतेक ठपके खरं तर तिच्याबरोबर कढईत पडणाऱ्या दुसऱ्याच जिनसांवर ठेवायला हवेत.

कोलेस्टेरॉलचा आरोप सगळ्यात वजनदार, म्हणून तोच आधी. त्यातला एक भाग खरा आहे. सोललेल्या १०० ग्रॅम कोळंबीत साधारण १५० ते १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे जवळपास एका अंड्याच्या बलकाइतकं. पण हा आकडा सांगणारे त्याच्या पुढचे आकडे सांगत नाहीत. त्याच १०० ग्रॅममध्ये प्रथिनं २० ग्रॅमच्या आसपास असतात आणि एकूण चरबी जेमतेम एक ग्रॅम. त्यातली संपृक्त चरबी तर नावापुरती. आपल्या शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उचलून घेण्याचं कामही यकृताचंच, आणि संपृक्त चरबी नेमकी त्या कामात खोडा घालते. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ताटातली संपृक्त आणि ट्रान्स चरबी रिपोर्ट जास्त बिघडवते. वनस्पती तुपातल्या खारीला सोडून कोळंबीला धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोलेस्टेरॉल सामान्य असलेल्या माणसांना तीन आठवडे रोज ३०० ग्रॅम कोळंबी खायला दिली. ३०० ग्रॅम! आपल्याकडे एवढ्यात अख्ख्या घराचं कालवण होतं. या आहाराने एलडीएल सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं, पण चांगलं मानलं जाणारं एचडीएल सुमारे १२ टक्क्यांनी वाढलं आणि ट्रायग्लिसराइड्स सुमारे १३ टक्क्यांनी उतरले. प्रयोग लहान होता आणि तो निरोगी माणसांवर झाला होता, हे मी लपवत नाही. ज्यांच्या घराण्यातच एलडीएल फार चढण्याचा आजार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं. पण एवढ्या मोठ्या मात्रेनेही एलडीएलपेक्षा एचडीएलच जास्त वाढलं, तर आठवड्यातून एकदोनदा खाल्लेली मूठभर कोळंबी रिपोर्ट बिघडवेल, असं छातीठोक सांगायला आधार काय? अमेरिकेच्या सरकारी आहार-मार्गदर्शिकेतही रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा होती. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या आवृत्तीत तो आकडाच काढून टाकला गेला. संपृक्त चरबीवरची मर्यादा मात्र तिथे कायम राहिली. आपल्या घराघरांत अजून जुनाच आकडा राज्य करतो आहे.

एक आक्षेप मी मान्य करतो आणि त्यावर वाद घालत नाही. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनी ती कशीही शिजवली तरी खाऊ नये. ॲलर्जी उठवणारं तिच्यातलं मुख्य प्रथिन, ट्रोपोमायोसिन, उष्णतेने मोडत नाही. 'चांगली शिजवली की चालेल' हा सल्ला इथे जिवावर बेतू शकतो.

आता दुसरी बाजू. परतलेली कोळंबी म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर नाक्यावरची चायनीजची गाडी येते. लालभडक शेझवान, कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळून तळलेले तुकडे, वरून दाट चकचकीत सॉस. ते पाहून कुणी 'हे आरोग्याला वाईट' म्हणालं, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. फक्त त्यात कोळंबीचा आणि परतण्याचा दोष शोधू नये. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दोन ग्रॅमहून जास्त मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. एका प्लेटीत दोन-तीन चमचे सॉस, वर चवीपुरतं म्हणून पुन्हा मीठ, असा हिशेब केला की दिवसाचा सगळा कोटा एका बैठकीत संपतो. लोक घाबरतात अजिनोमोटोला, पण खरा घात मीठ करतं. ज्यांनी परतण्याची ही पद्धत जन्माला घातली त्यांच्याकडे ती अशी नव्हती. बुवेई यांग चाओ या पेशाने डॉक्टर असलेल्या चिनी बाईंनी १९४५ साली अमेरिकेत आपल्या घरच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सांगितलेली परतण्याची रीत होती मोठी आच, थोडं तेल, बारीक चिरलेले जिन्नस आणि सतत हलवणारा हात. गाडीवर जे मिळतं ते त्या रीतीवर नंतर चढलेलं पुट आहे.

'पण घरच्या गॅसवर ते जमत नाही,' हे तिसरं म्हणणं. यात तथ्य आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर उपायही त्यातच सापडतो. घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारण दोन किलोवॅटच्या आसपास असते आणि त्यातली दोन-तृतीयांशच्या जवळपास उष्णता भांड्याला मिळते. हॉटेलातल्या चायनीज भट्टीची ताकद याच्या कितीतरी पट. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला आपल्या शेगडीला तीन मिनिटांच्या आसपास लागतात. मध्यम आकाराची कोळंबी शिजायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे धुऊन तशीच निथळत ठेवलेली कोळंबी कढईत टाकली, की गॅसची सगळी शक्ती तिच्या अंगावरचं पाणी आटवण्यात जाते, आणि पाणी आटेपर्यंत कोळंबी शिजून, आकसून, रबरासारखी झालेली असते. दोष ना गॅसचा ना कढईचा. दोष ओलाव्याचा आणि गर्दीचा.

यावर करायचं ते सोपं आहे. कोळंबी धुऊन सुती फडक्यावर पसरावी आणि वरून दुसऱ्या फडक्याने दाबून कोरडी करावी. एका वेळी पाव किलोहून जास्त घालू नये. अर्धा किलो असेल तर दोन घाण्यांत परतावी. कढई जाड हवी, बिडाची असेल तर उत्तम, कारण ती आधीच इतकी उष्णता साठवून ठेवते की थंड कोळंबी पडली तरी लगेच निवत नाही. कढई चांगली तापल्यावरच तेल घालावं आणि तेल पातळ होऊन हलू लागलं की कोळंबी एका थरात सोडावी. मग कान द्यावा. चर्र असा आवाज टिकून राहिला तर ठीक. तो बदलून खदखद ऐकू आली तर समजावं की पाणी सुटलं आणि आता ती परतली जात नाही, उकडली जाते आहे.

चौथी भीती कच्चेपणाची. आपल्याकडे मांसाहार म्हणजे तासभर शिजलेला हवा, हा संस्कार मुरलेला आहे, आणि बोकडाच्या मटणाबाबत तो योग्यच आहे. त्या मांसातले चिवट तंतू मऊ व्हायला वेळ लागतो. कोळंबीत मऊ करण्यासारखं काही नसतंच. आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसला पोचली की ती खायला सुरक्षित, आणि एवढ्याशा जिवाला तिथे पोचायला दोन-तीन मिनिटं पुरतात. अंदाज घ्यायला थर्मामीटर लागत नाही. कच्च्या कोळंबीची राखाडी झाक जाऊन गुलाबी-केशरी रंग चढतो, कारण तिच्यातलं रंगद्रव्य ज्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं ते उष्णतेने सुटतं. पाठीच्या सर्वांत जाड भागातलं मांस पारदर्शक न राहता मोत्यासारखं पांढरं झालं, अंगाला हलकासा बाक आला, की झालं. डोकं-शेपूट जुळून ती पूर्ण गोल वळली, तर ती गरजेपेक्षा जास्त शिजली. बाहेरून रंग आला म्हणून फसू नये. मोठी टायगर असेल तर एक कापून आत पाहावं.

याच ठिकाणी आपली एक घरगुती सवय सोडायला हवी. कोळंबीला लिंबू किंवा कोकमाचं आगळ लावून तासन् तास मुरत ठेवतात. आंबटामुळे तिची प्रथिनं आच लागण्याआधीच आवळली जातात, बाहेरचा थर घट्ट होतो आणि मग परतताना ती आणखी चिवट होते. आधी हळद, मिरपूड आणि किंचित मीठ पुरे. आंबट शेवटी, आच बंद करताना.

बाजारातल्या 'फ्रोझन'बद्दलचा रागही तपासून पाहायला हवा. शिळी म्हणून तिला नाक मुरडणारे लोक बर्फावर ठेवलेल्या कोळंबीला ताजी समजतात. ती कधी पकडली आणि किती वेळ बर्फात होती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. कोळंबीच्या डोक्यात पाचक द्रव्यं असतात. ती मेल्यावर तीच द्रव्यं अंगाचं मांस आतून मऊ करू लागतात. म्हणून डोकं घट्ट धरलेलं, कवच चमकदार, वास फक्त समुद्राचा, अशी कोळंबी दिसली तर वाटा उचलावा. डोकं लोंबत असेल किंवा नाकाला झोंबणारा वास असेल, तर मावशी कितीही भाव पाडून देत असल्या तरी पुढे व्हावं. असा माल समोर नसेल, तर काढल्यावर लगेच गोठवलेली कोळंबी केव्हाही सरस. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तर बऱ्याच घरांना तोच आधार असतो. पाकीट उलटून मात्र पाहावं. घटकांत फक्त कोळंबी आणि मीठ असेल तर उत्तम. ४५१ हा क्रमांक दिसला तर त्यात फॉस्फेट आहे. त्यामुळे कोळंबी पाणी धरून ठेवते, वजनाला भरते आणि तापल्या कढईत पांढरट पाणी सोडते. अशा कोळंबीचं परतणं कधीच साधत नाही, आणि सोडियम वाढतं ते वेगळंच.

शेततळ्यातल्या कोळंबीवरचा आक्षेप मी सगळ्यात गांभीर्याने घेतो. आज बाजारात दिसणारी बरीचशी कोळंबी वेनामी आहे. ही मूळची प्रशांत महासागराची जात. २००९च्या सुमारास भारतात तिच्या संवर्धनाला परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावर ती झपाट्याने पसरली. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानसारखी प्रतिजैविकं या व्यवसायात वापरायला बंदी आहे, आणि परदेशी जाणाऱ्या मालाची त्यासाठी कसून तपासणी होते. तशीच तपासणी आपल्या ताटात येणाऱ्या मालाचीही व्हावी आणि पाकिटावर कोळंबीचं मूळ ठळक छापलेलं असावं, ही मागणी ग्राहकांनी लावून धरायला हवी. पण या आक्षेपाचा रोख विकणाऱ्यांकडे आणि तपासणाऱ्यांकडे हवा. त्याच्या आडून परतण्याच्या रीतीला नावं ठेवता येणार नाहीत.

उरला तो 'हे आपलं नाही' हा सूर. सीकेपी घरांतलं कोळंबीचं खडखडलं काय किंवा मालवणातलं सुंगटांचं सुकं काय, कोळंबी थोडक्या तेलात लसणीवर कोरडी करणं आपल्या किनाऱ्याला नवीन नाही. कांदेपात, शेवगा, लाल माठ, शिराळं, फ्लॉवर यांच्याबरोबर ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहे. फक्त भाजी थोडी आणि शिजवणं फार, हे प्रमाण उलटवावं. पाव किलो कोळंबीला अर्धा किलो भाजी हे माझ्या घरातलं माप. कोळंबी आधी परतून, थोडी कच्ची असतानाच ताटलीत काढावी. त्याच कढईत लसूण, आलं, हिरवी मिरची, मग तिरकी चिरलेली फरसबी, सिमला मिरची, पातीचा पांढरा भाग. सगळं मोठ्या आचेवर, रंग टिकेल इतपत. शेवटी कोळंबी परत आत, हिरवी पात, चमचाभर आगळ. चार माणसांना दोन मोठे चमचे तेल पुरतं. म्हणजे तेलाच्या माणशी साठ कॅलरींच्या आसपास.

आणि बाटलीतल्या सॉसची उणीव भासत असेल, तर सोलताना निघालेली डोकी आणि कवचं टाकून देऊ नयेत. ताजी असतील तेव्हा त्याच कढईत थोड्या तेलावर लाल होईपर्यंत भाजावीत, वाटीभर पाणी घालून दहा मिनिटं उकळावीत, डोकी चमच्याने चेपून गाळून घ्यावीत. गडद केशरी, दाट वासाचं पाणी हाती येतं. त्यातलं चार-पाच चमचे पाणी भाज्यांवर घालून मोठ्या आचेवर आटू दिलं की ते फरसबीच्या प्रत्येक तुकड्याला धरतं. मीठ निम्मं घातलं तरी जेवणारा मीठ मागत नाही, आणि सोया सॉसची बाटली उघडावी लागत नाही.