फाटक नसलेले स्थानक

मुंबईच्या मेट्रो स्थानकात कार्ड किंवा तिकिटावरील क्यूआर कोड यंत्राला दाखविल्याशिवाय फाटक उघडत नाही. उतरल्यावर बाहेर पडतानाही तोच सोपस्कार पुन्हा करावा लागतो. उपनगरी रेल्वेच्या स्थानकावर मात्र असे फाटक नाही. जिना चढून, पूल ओलांडून कोणीही थेट फलाटावर पोहोचू शकतो. तपासनीस भेटला तर भेटला. एकाच शहरात, एकाच दिवशी, एकच माणूस या दोन्ही व्यवस्थांमधून जातो. म्हणून प्रवासाचे भाडे कशा रीतीने भरावे, हा प्रश्न व्यापारी कुटुंबापुढे दोन अंगांनी उभा राहतो. एक अंग हिशेबाचे आणि दुसरे व्रताचे. हिशेबाचे अंग आधी पाहणे सोयीचे.

पासाचा हिशेब

लोकलचा मासिक पास हा मुंबईकराच्या घरखर्चातील जुना आणि भरवशाचा आकडा. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची रक्कम साधारणतः १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्याइतकी असते. महिन्यात २६ दिवस पेढीवर जाणाऱ्याच्या ५२ फेऱ्या होतात, म्हणजे त्याचा फायदा उघडच आहे. परंतु आठवड्यातून दोनच दिवस बाजारात जाणाऱ्या वयस्क व्यापाऱ्यानेही हे गणित करून पाहावे. महिन्याला आठ दिवस जाणे-येणे झाले तरी १६ फेऱ्या भरतात आणि पास परवडतो.

पुढचा आकडा मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्रैमासिक पासाला मासिक पासाच्या २.७ पट, सहामाहीला ५.४ पट आणि वार्षिक पासाला १०.८ पट रक्कम पडते. किरकोळ अधिभार आणि पूर्णांक करण्यातील फरक सोडला, तर तिन्हींत मासिक दरावर मिळणारी सवलत सारखीच, म्हणजे १० टक्के आहे. वर्षभराची रक्कम आगाऊ गुंतवून तिमाहीपेक्षा जास्त काही पदरात पडत नाही. रांगेत उभे राहण्याचे कष्ट तेवढे वाचतात. भांडवल अडकवून ठेवण्याचे मोल जाणणाऱ्या माणसाला त्रैमासिक पास हा बहुधा मध्यम मार्ग वाटेल. घर किंवा दुकान बदलण्याचा विचार चालू असेल, तर मासिक पासच बरा.

पूर्वी तिकिटांच्या रांगेतून सुटका करणारी कूपनांची पुस्तिका घरोघरी असे. स्थानकावरील यंत्रात कूपन सरकवले की त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटत असे. २०१५ साली ही कूपने बंद झाली. त्याच सुमारास रेल्वेचे मोबाईल तिकीट आले, आणि १ जुलै २०२५ पासून रेल्वेच्या अनेक सेवा एकत्र आणणारे रेलवन हे ॲप उपलब्ध झाले. मोबाईलवरील कागदविरहित तिकिटाविषयी एक नियम घरातील तरुणांनी नीट समजून घ्यावा. हे तिकीट स्थानकात शिरण्यापूर्वी काढायचे असते. फलाटावर उभे राहून ते काढू गेल्यास ॲप नकार देते. समोर तपासनीस दिसल्यावर घाईघाईने तिकीट काढण्याची पळवाट बंद व्हावी, हाच त्यामागील हेतू.

कार्ड आणि मोबाईल

बेस्टच्या बसमध्ये आजही वाहकाकडून रोख पैशांत तिकीट मिळते. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले. या १२ रुपयांमुळे सुट्या पैशांची अडचण वाढली. नेहमी बसने जाणाऱ्याला चलो ॲप किंवा चलो कार्ड सोयीचे पडते. वाहकाशी दोन रुपयांसाठी होणारी शब्दाशब्दी टळते.

मेट्रोसाठी नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे देशातील निरनिराळ्या वाहनांसाठी एकच कार्ड, ही कल्पना ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबाद येथे अमलात आली. जानेवारी २०२३ मध्ये दहिसर-अंधेरी भागातील २अ आणि ७ या मेट्रो मार्गिकांवर ‘मुंबई वन’ या नावाने असे कार्ड सुरू झाले. पुढे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच नावाच्या मोबाईल ॲपचे उद्घाटन झाले. मेट्रो, मोनोरेल, उपनगरी रेल्वे आणि बस चालविणाऱ्या ११ संस्थांची तिकिटे एका ठिकाणी मिळावीत, असा त्याचा उद्देश आहे. नाव एकच असले तरी कार्ड निराळे आणि ॲप निराळे, हे ध्यानात ठेवलेले बरे. त्याच महिन्यात आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्णत्वास गेली आणि काळबादेवीला स्थानक मिळाले. जव्हेरी बाजार व मुळजी जेठा मार्केट येथे पेढी असणाऱ्यांचा मेट्रोशी संबंध आता रोजचा झाला आहे.

या कार्डाचा स्वभाव बँकेच्या साध्या कार्डाहून वेगळा आहे. प्रवासासाठीची रक्कम कार्डाच्या चिपमध्येच साठविलेली असते; ती वापरताना पिन लागत नाही. तिची कमाल मर्यादा २,००० रुपये आहे. कार्ड हरवले तर चिपमधील रक्कम खिशातून पडलेल्या नोटेप्रमाणेच गेली असे समजावे. यास्तव आठ-दहा दिवस पुरेल इतकीच रक्कम त्यात ठेवणे शहाणपणाचे. मोबाईलवरून पैसे भरले तरी ते चिपवर उतरविण्यासाठी कार्ड बहुधा स्थानकातील यंत्राला लावावे लागते, हेही घरातील सर्वांना सांगून ठेवावे. फाटकापाशी खोळंबणारे बरेच जण याच एका पायरीवर अडतात.

घरातील वडीलधारी माणसे

भाड्याच्या या नव्या साधनांनी तरुणांची सोय झाली, तशी वृद्धांची काही प्रमाणात कुचंबणाही झाली. पहाटे दर्शनाला निघणाऱ्या आजींच्या हातात नेहमी स्मार्टफोन असतोच असे नाही, आणि असला तरी गर्दीत उभ्या असताना पासवर्ड आठवत बसणे त्यांना जमत नाही. अशा वेळी घरातील कोणी तरी ‘तुम्हाला हे जमायचे नाही, रिक्षानेच जा’ असे म्हणून मोकळे होते. खर्च वाढतो हा भाग गौण. आजींचे स्वातंत्र्य कमी होते हे अधिक खटकणारे आहे.

वास्तविक त्यांच्यासाठी कार्ड हे मोबाईलपेक्षा सोपे साधन आहे. ते यंत्राला टेकवायचे, एवढेच शिकावे लागते. नातवाने एकदा सोबत जाऊन दोन फेऱ्या करवून आणल्या, की भीती मोडते. २अ आणि ७ मार्गिकांवर ६५ वर्षांवरील ज्येष्ठ, बारावीपर्यंतचे विद्यार्थी आणि दिव्यांग यांना ‘मुंबई वन’ कार्डावरील मासिक पासात २५ टक्के सवलत १ मे २०२३ पासून देण्यात आली. तिची चौकशी घरातील मुलांनी आपणहून करावी. आणि ज्यांना रोख पैसेच बरे वाटतात, त्यांच्या बटव्यात दहाच्या नोटा व सुटी नाणी घालून देण्यात कमीपणा कसला? बसचा वाहक आणि लोकलची तिकीट खिडकी अजून रोकड स्वीकारतात.

तिसरे अणुव्रत

आता व्रताचे अंग. अहिंसा आणि सत्य यांच्यानंतर श्रावकाचे तिसरे अणुव्रत अचौर्याचे. न दिलेले घेणे, अदत्तादान, हा त्याचा भंग. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांतील खोटी मापे वापरण्याचा, हीनाधिकमानोन्मान हा अतिचार व्यापाऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याच मालिकेत विरुद्धराज्यातिक्रम येतो. राज्याने घालून दिलेल्या नियमांचे उल्लंघन करून लाभ मिळविणे, असा त्याचा आशय सांगितला जातो. जकात चुकविणे जसे यात येते, तसे भाडे चुकविणेही यातच येते.

उघड विनातिकीट प्रवास प्रतिष्ठित घरातील माणूस सहसा करीत नाही. त्याचे पाऊल घसरते ते लहान जागी. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला भाडे नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते. सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन ‘अजून पाच पूर्ण नाहीत’ असे सांगितले, तर पाच रुपये वाचतात. ते मूल मात्र सारे ऐकत असते. त्याला आपले वय ठाऊक असते. पाठशाळेत त्याने शिकलेल्या सत्यव्रताची परीक्षा त्याच्या देखत आईवडिलांनीच नापास केलेली असते. भावाचा पास घेऊन जाणे, दुसऱ्या वर्गाच्या पासावर ‘दोनच स्थानके’ म्हणून पहिल्या वर्गात चढणे, हेही याच जातीचे. पास हा व्यक्तीच्या नावाचा असतो; तो दुसऱ्याने वापरल्यास प्रवास विनातिकीट गणला जातो. पकडल्यास भाड्याव्यतिरिक्त किमान २५० रुपये भरावे लागतात. दंडाची रक्कम मोठी नाही. ओळखीच्या ग्राहकासमोर, भर फलाटावर पावती फाडून घ्यावी लागली, तर जाणारी पत मोठी असते.

याहून नाजूक गोष्ट पेढीवरच्या माणसांची आहे. नमुने पोहोचविणारा, वसुलीला जाणारा, बँकेत धावणारा गुमास्ता दिवसाकाठी तीन-चार वाहने बदलतो. त्याला मोजून कमी पैसे देणे, ‘काय ते जमवून घे’ असे म्हणणे, किंवा भाड्याचा हिशेब मागताना शंकेने पाहणे, हे काही पेढ्यांवर सहज घडते. अशा माणसाने तिकीट काढले नाही, तर तो दोष कोणाचा? जैन विचारात कर्म केवळ स्वतः केल्याने लागत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित असे त्याचे तीन प्रकार मानले आहेत. मालकाने तोंडाने काही सांगितले नसले, तरी पुरेसे भाडे न देता पाठविणे हे कारितापासून फार दूर नाही. वर दंड भरावा लागलाच, तर तो बहुतेक वेळा त्या गरिबाच्या पगारातून जातो.

नव्या साधनांचा खरा उपयोग येथे करता येईल. बाहेरची कामे करणाऱ्या प्रत्येक माणसाचा पास पेढीने काढून द्यावा. महिन्याला १५ फेऱ्यांच्या भाड्यात त्याचा लोकलचा प्रवास निर्धास्त होतो. मेट्रोसाठी एक कार्ड त्याच्या हाती द्यावे आणि त्यात दर सोमवारी ठरावीक रक्कम भरावी. बसच्या रोख तिकिटांसाठी सुटे पैसे वेगळे द्यावेत आणि तिकिटे जपून आणण्यास सांगावे. रोजमेळात ‘प्रवासभाडे’ असे स्वतंत्र खाते उघडले, म्हणजे वर्षाअखेर या खर्चाचा आकडा नेमका कळेल. तो वार्षिक उलाढालीच्या मानाने अगदी लहान निघेल. एवढ्या लहान रकमेसाठी आपल्या माणसाला तपासनीसाची नजर चुकवीत जिना उतरावा लागू नये, इतकी काळजी पेढीच्या धन्याला सहज घेता येण्याजोगी आहे.